वाघ, चिलखत आणि पैठणीची उलटी बाजू

तलवाड्याच्या माणसाला लेकरांना वाघ दाखवायचा म्हटलं, तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. आमच्या गावात टेकडीवर त्वरितादेवीचं मंदिर आहे, नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. पण वाघ पुस्तकातच. म्हणून एका शनिवारी आईला आणि दोन्ही लेकरांना घेऊन गेवराईहून एसटी धरली. मुक्काम मावशीकडे.

शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा मागे पडतो आणि जालना लागतो. पुलावर मी लेकाला राक्षसभुवनची लढाई सांगायला घेतली. गाव आपल्याच गेवराई तालुक्यातलं, नदी हीच. 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी तिथं निजामाच्या फौजेचा पराभव केला; निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्यात पडला. लेकानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाघ जेवतो किती वाजता?" लढाई तिथंच थांबली. पुढं पाचोड, आडूळ मागे टाकत शहर आलं.

महापालिकेचं सिद्धार्थ उद्यान मध्यवर्ती बसस्थानकापासून पायी जाण्याइतकं जवळ. आत शिरल्यावर लेकरं हाताला लागेनात. नीलगाईपाशी आई थांबलीच नाही. "हिला काय बघायचं? हरभऱ्यात रोज असती." पांढऱ्या वाघापाशी मात्र तीही उभी राहिली. तो जाळीच्या कडेनं एकाच रेषेत येरझारा घालत होता; त्या रेषेवरचं गवत पार उडालेलं, माती सिमेंटसारखी घट्ट झालेली. लेकीला वाटलं, ही निराळी जात. तसं नाही. रंगाचा तो गुण आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं निपजतं. 1951 साली रीवाच्या जंगलात 'मोहन' नावाचं असं पिल्लू सापडलं आणि पुढं त्याच्याच नात्यागोत्यात पैदास वाढवली गेली. त्यामुळं या वाघांत तिरळेपणासारखी व्यंगंही उतरली.

हत्ती मात्र दिसला नाही. प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, असं केंद्रीय प्राधिकरणानं 2009 मध्ये ठरवलं. इथल्या सरस्वती आणि लक्ष्मी या हत्तिणी पुढं विशाखापट्टणमला गेल्या. लेकीचा चेहरा पडला. आई म्हणाली, "गेल्या ते बरंच झालं. एवढ्याशा जागंत हत्ती कसा मावायचा?"

रविवारी छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात गेलो. लेकरांनी जाण्याआधीच तोंडं वाकडी केली होती. पहिल्या दालनात ती नुसती पळत सुटली. चिलखतापाशी लेक अचानक थबकला. लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंतवून केलेला तो अंगरखा. कडी मोजायला जावं तर डोळे दुखतील. "हे घालून नदी कशी ओलांडत असतील?" त्यानं विचारलं. ऑगस्टमधली गोदावरी, पुराचं पाणी, अंगावर हे ओझं. मग पुलावर अर्धी राहिलेली लढाई मी तिथंच पुरी केली, आणि या वेळी त्यानं मधे वाघ आणला नाही.

आई तिकडं जुन्या पैठणीच्या पेटीपाशी होती. काचेला नाक लागेल इतकी वाकलेली.

"काय बघतीस आई?"

"उलट्या अंगानं दिसती का बघते. सुलटी पैठणी कुणीबी बघंल."

मग तिनं नातीला समजावलं : खऱ्या पैठणीच्या पदराला उलटसुलट नसतं. रंगीत धागा विणतानाच शेजारच्या धाग्यात अडकवतात, त्यामुळं मागं दोरे लोंबत नाहीत. मशीनची साडी असली की मागं जाळं दिसतं. लेकीनं लगेच स्वतःच्या फ्रॉकची किनार उलटून पाहिली. मागं दोरेच दोरे. आजी जिंकली.

दुपारी डोंगराच्या पायथ्याचा सोनेरी महाल पाहिला. बुंदेला सरदार पहाडसिंगानं सतराव्या शतकात बांधलेला हा वाडा. भिंतींवर सोन्याचं रंगकाम होतं, त्यावरून हे नाव. आता तिथंही सरकारी संग्रहालय आहे.

सहलीला निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : प्राणिसंग्रहालय आणि पुराणवस्तू संग्रहालय एकाच फेरीत करा, आणि घरातलं म्हातारं माणूस सोबत न्या. वाघ दाखवायला कुणीही चालतं. काचेमागची वस्तू आपल्या नदीची, आपल्या हातमागाची आहे, हे पाटी वाचून कळत नाही. ते सांगणारं माणूस लागतं. पुढच्या वेळी पैठणलाच जायचं आईनं ठरवलं आहे. माग चालताना बघायचाय तिला, मागच्या बाजूनं.