रघुनाथ बाजारातील भ्रमणध्वनी

पठाणकोट मागे पडून आगगाडी जम्मूच्या मुलखात शिरली, की वैष्णोदेवीस निघालेल्या कित्येक महाराष्ट्रीय मंडळींचे भ्रमणध्वनी एकाएकी मुके होतात. यंत्र बिघडलेले नसते, भरलेले पैसेही संपलेले नसतात. परप्रांतीची प्रीपेड, म्हणजे आगाऊ पैसे भरून चालवावयाची, जोडणी जम्मू-काश्मिरात चालत नाही, असा सुरक्षेच्या कारणास्तव निर्बंध आहे. महिनाअखेर बिल देण्याची पोस्टपेड जोडणी मात्र चालते. हा भेद किती खोल जाऊ शकतो, हे २०१९ साली दिसून आले. त्या ऑगस्टात काश्मीर खोऱ्यातील दूरध्वनी बंद करण्यात आले. पुढे पोस्टपेड भ्रमणध्वनी १४ ऑक्टोबर रोजी बोलू लागले. प्रीपेडवाल्यांस जानेवारी २०२० पर्यंत वाट पाहावी लागली.

आमच्या सौभाग्यवतींच्या फोनचे बिल चिरंजीव भरतात, म्हणून तो बोलता राहिला. आमचा मुका झाला. कटरा गाव सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे, देवीचे भवन ५,२०० फुटांवर. मधली चढण बारा-तेरा किलोमीटरांची. गुडघेदुखीमुळे त्यांनी अर्धकुंवारीपासून विजेच्या गाडीने जावे व आम्ही पायी यावे, असा बेत होता. तेव्हा दोघांत एकच बोलता फोन ठेवून भागण्यासारखे नव्हते. जम्मूस एक दिवस मुक्काम करून एखादा स्वस्त जादा फोन घ्यावा, असे ठरले.

रघुनाथ मंदिरास लागून असलेला बाजार अक्रोड, राजमा आणि शाली यांनी भरलेला असतो. तेथेच एका दुकानी बटणांचा साधा फोन हजार-बाराशे रुपयांत मिळाला. असे यंत्र एकदा विजेने भरले, की दोन-तीन दिवस सहज चालते; आणि दरीत पडलेच, तर बँकेचा व्यवहार, तिकिटे व छायाचित्रे त्याबरोबर जात नाहीत. घेताना एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. काही कंपनीचे जाळे केवळ ४जीचे असते. त्यावर जुन्या पद्धतीचा २जी फोन चालत नाही. सिमकार्डही स्वतःच्याच नावे, आधार दाखवून घ्यावे. इतरत्र एका व्यक्तीच्या नावे नऊ जोडण्या मिळतात. जम्मू-काश्मिरात, आसामात व ईशान्य भारतात सहाच. शिवाय कागदपत्रांची पडताळणी झाल्यावाचून कार्ड जिवंत होत नाही, म्हणून ही खरेदी चढणीच्या दिवशी सकाळी करू नये.

तो रिकामा वेळ आम्ही मंदिरात घालविला. महाराजा गुलाबसिंह यांनी १८३५ साली आरंभिलेले हे काम रणबीरसिंह यांनी १८६० साली पुरे केले. येथील संस्कृत हस्तलिखितांच्या संग्रहाची सूची डॉ. स्टाइन यांनी १८९४ साली प्रसिद्ध केली. ज्याने आयुष्यभर मुलांकडून रूपे घोकून घेतली, त्याचा पाय अशा ठिकाणाहून लवकर निघत नाही. सायंकाळी दुकानी परतलो, तो कार्ड चालू झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाणगंगा, चरणपादुका करीत आम्ही दोघे सावकाश अर्धकुंवारीस पोहोचलो, व तेथून आमच्या वाटा निराळ्या झाल्या. हिमकोटीच्या पुढे खिशातील नवे यंत्र वाजले: त्या सुखरूप वर पोहोचल्या होत्या. बाराशे रुपयांचे मोल तेथेच वसूल झाले.

परंतु या यंत्राची सत्ता कोठवर, हेही त्याच वाटेवर कळते. गुहेत दर्शनास जाताना फोन व चामड्याच्या वस्तू बाहेर सामानघरात ठेवाव्या लागतात. म्हणजे जेथे गर्दी सर्वांत दाट, तेथेच प्रत्येक यात्रेकरू फोनवाचून असतो. याहून कठीण प्रसंग २०२५ सालचा. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी अर्धकुंवारीजवळ दरड कोसळून तीसहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्याच अतिवृष्टीत जम्मू-काश्मीरच्या मोठ्या भागात दूरध्वनी व इंटरनेट खंडित झाले. घरची माणसे दूर गावी फोन लावीत बसली असतील, आणि प्रीपेड-पोस्टपेड हा भेद त्या रात्री कोणाच्याच उपयोगी पडला नसेल.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी, की जादा फोन अवश्य घ्यावा, परंतु त्याच्या भरवशावर एकमेकांस सोडू नये. पूर्वीचे यात्रेकरू धर्मशाळेतून निघताना चुकामूक झाल्यास कोणत्या दीपमाळेपाशी भेटावयाचे, हे ठरवून निघत. भवनावर सामानघराची अमुक खिडकी, इतक्या वाजेपर्यंत; तेथे न भेटल्यास कटऱ्यातील उतरण्याची जागा, असे आम्हीही ठरविले होते. प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याचा क्रमांक व उतरण्याच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे फोन हरवला वा मुका झाला, तरी परक्या माणसासही मदत करता येते. आमची ती चिठ्ठी नव्या फोनच्या पेटीत अजून आहे; पुढच्या प्रवासास दोन्ही बरोबरच निघतील.