बडोदं ते लोणावळा, आणि बगलेत एक मॅट

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या मुलीनं "बाबा, उचल" म्हणून दोन्ही हात वर केले आणि मला तिला उचलता आलं नाही. वय साडेतीन, वजन जेमतेम चौदा किलो. वाकलो आणि कंबरेतून अशी कळ गेली की स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून तसाच उभा राहिलो. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्यातली एक चकती जरा बाहेर सरकलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. पण रोज दहा-दहा तास खुर्चीत बसून कोड लिहिणं असंच चाललं तर ती वेळ येईल. आधी फिजिओथेरपी, मग एखाद्या जाणत्या माणसाकडून आसनं शिका.

बायकोनं लगेच लोणावळ्याच्या कैवल्यधामला आठवड्याभराची नोंदणी करून टाकली. माझ्याकडे एकच काम राहिलं: मॅट घेणं. आणि तेच मी बिघडवलं.

रात्री अकरा वाजता, अंथरुणात पडून, फोनवर. पाठ दुखते म्हणजे मऊ हवं, मऊ म्हणजे जाड, एवढाच विचार. पंधरा मिलिमीटर जाडीची, निळ्या रंगाची मॅट मागवली. लांबी 173 सेंटीमीटर असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. माझी उंची 180. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका शोधणारा माणूस मी, पण स्वतःच्या सात सेंटीमीटरचा हिशोब केला नाही.

जुलैत रात्रीच्या गाडीनं निघालो. सोबत आईनं दिलेल्या दशम्या आणि आपल्या बडोद्याचा लीलो चेवडो. मॅटची गुंडाळी इतकी मोठी की बर्थखाली जाईना. समोरच्या काकांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "गालिच्यांचा व्यापार का?" सकाळी कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लागली आणि गाडी घाट चढायला लागली. बोगदा, धबधबा, बोगदा, ढग. बडोद्याच्या सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला हे कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही. दारात उभं राहून पाहायची फार इच्छा होती, पण कंबर म्हणाली, बस.

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वरून पडणारं पाणी कमी आणि हवेत तरंगणारं जास्त. दोरीवर टाकलेला टॉवेल दोन दिवस तसाच ओला. अशा हवेत पहिल्या सकाळी मी माझी निळी गादी उलगडली. (तिला मॅट म्हणणं मी तेव्हाच सोडलं.) वृक्षासनात एका पायावर उभा राहिलो तर घोटा लटपटायला लागला. जाड फोमवर टाच कुठे टेकली हेच कळत नव्हतं, तोल कसला सांभाळणार! हात टेकून शरीर उचलायचं तेव्हा तळव्यांना घाम, वर हवेतला ओलावा, आणि दोन्ही हात हळूहळू पुढे निघाले. शवासनात डोकं मॅटवर घेतलं तर टाचा गार फरशीवर, टाचा आत ओढल्या तर डोकं बाहेर.

कपड्यांचं तर विचारूच नका. ढगळ अर्धी चड्डी, कंबरेला जाड नाडी आणि प्लास्टिकचं लॉक. पोटावर झोपून भुजंगासन करायला गेलो की ते लॉक बरोबर बेंबीखाली रुतायचं. पाय भिंतीला लावून वर केले की चड्डी मांडीवरून घसरून नको तिथपर्यंत यायची. टी-शर्ट तोंडावर. शेजारी चार बायका शांतपणे आसनं करताहेत आणि मी एका हातानं चड्डी धरून पडलोय. पुरुष योगाच्या वर्गाला दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी का गायब होतात, याचं निम्मं कारण मला वाटतं हेच असावं. सांगणार कोणाला?

माझ्या डाव्या बाजूला इंदूरचे एक निवृत्त शिक्षक होते. साठीच्या पुढचे, मराठी आपल्यासारखीच, मधूनच हिंदीत जाणारी. त्यांच्याकडे एक पातळ रबरी मॅट आणि तिच्यावर घरची सुती सतरंजी. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते म्हणाले, "अहो, राग मानू नका, पण तुम्ही ही गादी कपाटात ठेवा. माझ्याकडे एक जास्तीची चटई आहे." आणि मग त्यांनी मला पाऊण तास जे सांगितलं ते मला फोनवरच्या कोणत्याही माहितीत मिळालं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं. मॅट आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब हवी. बाजारात 68 इंचाची, म्हणजे 173 सेंटीमीटरची, सर्रास मिळते. पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये. 72 आणि 84 इंचांच्याही असतात, पण मागाव्या लागतात. रुंदी नेहमीची 24 इंच. खांदे रुंद असतील तर 26 किंवा 28 घ्या, नाहीतर हात पसरले की जमिनीवर. जाडी चार ते सहा मिलिमीटर. त्याहून पातळ असेल तर गुडघे बोंबलतात, जाड असेल तर तोल जातो. दहा-पंधरा मिलिमीटरची फोमची मॅट जमिनीवर पडून करायच्या व्यायामाला ठीक, उभ्या आसनांना नाही. गुडघ्याला टोचत असेल तर त्याच्याखाली पंचा घडी करून घ्या, त्यासाठी सगळी मॅट जाड कशाला?

आणि घाम. हा मुद्दा त्यांनी जवळ सरकून, हळू आवाजात सांगितला. ज्याला खूप घाम येतो त्यानं गुळगुळीत पाठीची प्लास्टिकची मॅट घेऊ नये. नैसर्गिक रबराची पकड चांगली, पण ती जड असते, सुरुवातीला वास येतो, उन्हात टाकली तर तडकते, आणि लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांना चालत नाही. कॉर्कची पकड ओलसर झाल्यावर वाढते. सुती सतरंजीही किंचित दमट झाली की हाताला धरते आणि घरी धुता येते. मात्र नुसती फरशीवर टाकली तर ती माणसासकट सरकते, म्हणून खाली रबर. हा त्यांचा स्वतःचा शोध होता आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

पट्टा आणि ठोकळा मी घेतलेच नव्हते. मला ते कच्च्या लोकांचं सामान वाटायचं. तिसऱ्या दिवशी उताणं झोपून पाय सरळ वर घ्यायला सांगितला तेव्हा माझा पाय जेमतेम अर्ध्यात आला, गुडघा वाकला आणि हात पोटरीपर्यंतही पोचेना. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या मांडीमागच्या शिरा अशाच आखडतात. तळपायाभोवती पट्टा घातला, दोन्ही टोकं हातात धरली आणि पहिल्यांदाच पाठ जमिनीला टेकलेली राहिली. कंबरेत कळ नाही. पुण्याच्या बी.के.एस. अय्यंगारांनी दोर, खुर्च्या, ठोकळे, पट्टे यांचा वापर जगभर नेला, तो कच्च्या लोकांसाठी म्हणून नव्हे. शरीराला जिथे पोचता येत नाही तिथे अंतर भरून काढायला. उंच माणसानं सहा फुटी पट्टा घेऊ नये, आठ फुटी घ्यावा. मांडी घालून बसताना गुडघे कंबरेच्या वर राहत असतील तर बुडाखाली घडी केलेलं ब्लँकेट. एवढ्यानं माझं पाठीला पोक काढून बसणं थांबलं.

त्याच आठवड्यात, पाऊस थांबेना म्हणून वाचत बसलो असताना, एक गोष्ट नजरेस पडली आणि मी चक्क उठून उभा राहिलो. कैवल्यधाम 1924 साली स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म 1883 चा, डभोईचा. आपल्या डभोईचा, हिरा भागोळ पाहायला आपण शाळेच्या सहलीला जातो त्या! आणि शरीर कमावायला ते 1907 ते 1910 या काळात राजरत्न माणिकरावांकडे होते, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात. पुढे त्यांचे गुरू परमहंस माधवदासजी, तेही नर्मदाकाठच्या मालसरचे. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं हे क्ष-किरणांनी तपासण्याचे त्यांचे पहिले प्रयोगही बडोद्याच्याच इस्पितळात झालेले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून माणिकरावांचा आखाडा पायी दहा मिनिटांवर आहे. मी छत्तीस वर्षांत एकदाही आत गेलो नव्हतो. गाडीत घाट चढून, गादी वाहून, चारशेहून जास्त किलोमीटरवर गेलो तेव्हा हे कळलं.

परत आल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. ते म्हणाले, "मी जात होतो की तिथे. कॉलेजला असताना. तू कधी विचारलंस?"

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. मुलं मल्लखांबावर होती. अंगाबरोबर बसणारी आखूड चड्डी, वर काही नाही. खांबावर ढगळ कपडा अडकला तर माणूस खाली येतो, हे तिथल्या आठ वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. लोणावळ्यात मी लाजत लाजत जे शिकलो ते इथे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. आता मीही आत घट्ट बसणारी आखूड चड्डी आणि वर गुडघ्यापर्यंतची, रुंद इलॅस्टिकची, नाडी-लॉक-खिसे नसलेली पँट घालतो. टी-शर्ट अंगाबरोबरचा, आत खोचता येईल एवढा लांब. अण्णा खांबाकडे बराच वेळ पाहत होते. मग हात मागे बांधून म्हणाले, "गुडघे गेले रे माझे. जमिनीवर बसलो तर उठायला दोन माणसं लागतात."

तिथूनच रावपुऱ्याकडे खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. इंदूरच्या सरांचा सल्ला होता की आधी मॅटवर आडवं व्हायचं, मग पैसे द्यायचे. मी बूट काढले, मॅट पसरली आणि दुकानाच्या मधोमध शवासनात पडलो. दुकानदार काउंटरवरून वाकून म्हणाला, "साहेब, अहींज सूई जशो?" मी तळवा ओला करून घासून पाहिला, अंगठा दाबून फरशी लागते का पाहिली, एका पायावर उभा राहिलो. शेवटी 84 इंच लांब, 26 इंच रुंद, पाच मिलिमीटरची रबरी मॅट घेतली. किंमत निळ्या गादीच्या तिप्पट आणि वजन तीन किलोच्या वर. अण्णा म्हणाले, "चटईला एवढे पैसे?" घरी येईपर्यंत तीनदा म्हणाले.

निळी गादी मात्र फुकट गेली नाही. अण्णांना खुर्चीवर बसून करायचे व्यायाम मी त्याच शिक्षकांना फोन करून विचारून घेतले. हात न लावता खुर्चीतून उठणं, पुन्हा सावकाश बसणं. खुर्ची भिंतीला टेकवायची आणि तिच्या पायांखाली काही घालायचं नाही, नाहीतर ती डुगडुगते. गच्चीवर सकाळी सहाला ते खुर्चीत असतात, मी मॅटवर. पुढे वाकायची आसनं मला डॉक्टरांनी अजून वर्षभर बंद सांगितली आहेत, ती मी करत नाही.

गादीवर मुलगी कोलांट्या मारते. पंधरा मिलिमीटर त्यासाठी अगदी योग्य जाडी आहे. नवरात्रात मांडवीच्या गर्दीत तिला काही दिसेना, तेव्हा मी गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून तिला उचललं. आता ती सोळा किलोची आहे. दहा मिनिटांनी अण्णा म्हणाले, "पुरे, उतरव तिला खाली."