पाणी पडण्याआधी

डब्यांच्या धंद्यात पथ्याची माणसं येतातच. मधुमेहाचं, मूतखड्याचं पथ्य सांभाळायची सवय होती, ज्यांना अन्नातलं हिस्टामाइन सोसत नाही त्यांचं पथ्य मात्र नवं. डॉक्टरांनी दिलेल्या यादीतून टोमॅटो, वांगं, पालक, लिंबू आणि आंबवलेलं सगळं बाद. सोयाबीनही बहुतेक याद्यांत नको. बाकीच्या डाळींबद्दल मात्र याद्यांचं आपसात जुळत नाही.

माझं मत असं, की डाळ कुठली यापेक्षा पीठ भिजवून किती वेळ झाला हे आधी बघावं. प्रथिनांतल्या हिस्टिडिनपासून काही जिवाणू हिस्टामाइन तयार करतात. कोरड्या पिठात त्यांना पाणी मिळत नाही, म्हणून ते गप्प असतात. ओल मिळाली की जागे. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन उकळून, तळून, खरपूस भाजूनही जात नाही.

म्हणजे इडली, डोसा, आंबवलेला ढोकळा गेला. ताक घातलेली कढीही गेली. उरली ती आपली घाईची रांधणी: झुणका, पिठलं, धिरडी. मुगाच्या धिरड्यासाठी मी आता डाळ रात्री भिजत घालत नाही. कोरडी डाळच गिरणीतून आणते, नेहमीपेक्षा बारीक दळून, कारण पीठ मुरायला वेळ द्यायचा नसतो. जाड पीठ न मुरता तव्यावर गेलं तर दाताखाली रवाळ लागतं. आधी तवा तापवायचा, मगच पिठात पाणी. बेसन कोरडंच मंद आचेवर भाजून घेते. कच्चट वास जातो आणि पिठलं लवकर शिजतं. आंबटपणाची उणीव आलं, ओवा, कोथिंबीर थोडीफार भरून काढतात. पूर्ण नाही, उगाच कशाला खोटं बोलू?

थालीपिठाची भाजणी या पथ्याला फार सोयीची. सगळं आधीच भाजून दळलेलं. मळलं की लगेच थापायचं. पण तिच्यात पाच-सहा धान्यं एकत्र, त्यामुळे त्रास झालाच तर कशाने हे कळत नाही. म्हणून सुरुवातीला एकावेळी एकच पीठ देते. विकतचं बेसनही टाळते, त्यात वाटाण्याची भेसळ असते कधीकधी.

शिळं पिठलं मात्र बंद. फ्रिजमध्ये जिवाणूंचं काम मंदावतं, थांबत नाही. उरलंच तर गार झाल्याबरोबर फ्रीजरमध्ये. एका ताईंना बेसन चालतं, कुळीथ सोसत नाही. एका काकांचं नेमकं उलट. त्यांच्या डब्यांवर पिठाचं नाव लिहिते, आणि खाली भिजवल्याची वेळ.