घाटातले काटे

पुण्याहून पाचगणी सुमारे 100 किलोमीटर. कात्रजचा डोंगर बोगद्यातून ओलांडला, तरी खंबाटकी आणि पसरणी हे दोन घाट उरतातच. नव्या मोटारीला त्यांची फारशी दखल नसते. जुनी मोटार मात्र प्रत्येक चढ मोजते आणि समोरच्या तबकडीवरच्या काट्यांनी आपल्याला कळवते. त्या काट्यांवर विश्वास किती ठेवायचा, एवढाच प्रश्न असतो.

2018 च्या दसऱ्याच्या सुटीत आम्ही तिघे निघालो: मी, सौभाग्यवती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई. मोटारीचे वय तिशीपलीकडचे. शिरवळला नीरा ओलांडली आणि खंबाटकीच्या वळणांवर पेट्रोलचा काटा झुलू लागला. त्यात काळजीचे काही नव्हते. घरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू तरंगतो, तसा पेट्रोलच्या टाकीतही एक तरंगता फ्लोट असतो. चढावर पेट्रोल एका अंगाला सरकते, त्याबरोबर फ्लोट आणि फ्लोटबरोबर काटा. सुरूर फाट्याच्या सपाटीवर तो निमूटपणे जागेवर आला.

वाईच्या रस्त्याला दुतर्फा जुने वड होते. त्या सावलीत खरा चमत्कार घडला. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेषेला जाऊन टेकला.

“अहो, उकळतंय की काय?” सौभाग्यवती म्हणाल्या.

“पण पेट्रोल वाढलंय बघ,” मागून आई म्हणाली. “टाकी भरलेली दिसतेय!”

वाटेत पंपाचे दर्शन न घेता टाकी भरली होती. मी एका वडाखाली थांबलो. बॉनेट उघडले तर वाफ नाही, वास नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते. म्हणून अर्धा तास थांबून मग पाणी पाहिले. काठोकाठ होते. म्हणजे काटा खोटे बोलत होता. पण मनाला स्वस्थता नव्हती. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. वर चढताना इंजिन खरोखरच तापले, तर ते सांगणार कोण? खोट्या थर्मामीटरच्या भरवशावर तापाचा रोगी सांभाळता येत नाही, आणि मागे आई बसली होती.

वाईत सासू-सून कृष्णाकाठी ढोल्या गणपतीच्या दर्शनाला गेल्या. 1762 साली रास्त्यांनी बांधलेले हे देऊळ. मी मोटारीच्या वायरमनच्या टपरीवर बसलो. मराठी विश्वकोशाचे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे हे गाव. तर्काचा पाठ मात्र मला त्या टपरीवर मिळाला.

“सर, एक काटा बिघडला तर त्याची वायर बघायची,” तो म्हणाला. “दोन एकदम बिघडले तर दोघांचं सामाईक काय आहे ते बघायचं.”

सामाईक होती ती काड्यापेटीएवढी एक पत्र्याची डबी: व्होल्टेज स्टॅबिलायझर. इंजिन चालू असता बॅटरीकडून 14 च्या आसपास व्होल्ट येतात. ही डबी काट्यांना सुमारे 10 च देते. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि वीज तुटते. थंड झाली की पुन्हा जुळते. मात्र त्या तारेची वीज मोटारीच्या पत्र्यात उतरावी लागते, म्हणजे अर्थ लागतो. आमच्या डबीचा स्क्रू गंजला होता. तार तापेना, वीज तुटेना आणि सगळा जोर दोन्ही काट्यांवर. त्याने पॉलिश पेपरने गंज घासला, स्क्रू आवळला. दोन्ही काटे खाली उतरले.

“आजी आल्या की निघा,” तो म्हणाला. “आता काटा वर गेला तर मात्र थांबा. खरंच तापलंय असं समजा.”

शाहीर साबळ्यांचे पसरणी गाव मागे पडले आणि घाट सुरू झाला. खाली कृष्णेचे खोरे उलगडत गेले, दूर धोम धरणाचे पाणी चकाकले. चढत्या वळणांवर उष्णतेचा काटा जरा सरके, पुन्हा मध्यावर येई. पाचगणीच्या गार वाऱ्यात शिरलो तेव्हा पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवीत होता. मघाच्या भरलेल्या टाकीपेक्षा त्या खऱ्याखुऱ्या पाव टाकीचा मला अधिक आधार वाटला.