ओंजळीत मावणारा जीव

कुत्रा हा प्राणी आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना परका नाही. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड. आणि खंडोबा म्हटला की त्याच्या घोड्यासोबत कुत्रा आलाच. दत्तगुरूंच्या पायाशी बसलेले चार श्वान आम्ही लहानपणापासून देवघरातील तसबिरीत पाहत आलो. धर्मराजाची साथ शेवटपर्यंत न सोडणारा तोही कुत्राच. या सर्व कुत्र्यांत एक गोष्ट समान होती. ते आपल्या पायांनी चालत. त्यांना कोणी कडेवर घेत नसे.

आमच्या बालपणी जुन्या घराच्या ओटल्याखाली एक मोती असे. तो कोणाचा, हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. सकाळी आजी त्याला शिळी भाकरी घाली, रात्री तो गल्लीची राखण करी, आणि घराचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही. आम्ही मुले त्याची शेपटी ओढीत असू. फार झाले म्हणजे तो उठे आणि पलीकडच्या ओटल्याखाली जाऊन बसे. त्याला उठून जाता येत होते, ही गोष्ट केवढी मोठी होती, हे कळण्यास आम्हांस साठ वर्षे लागली.

ते कसे कळले, त्याची ही हकीकत आहे. तीत आमचा गौरव व्हावा असे काही नाही. तरीही ती लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडे आहेत, आणि आजकाल नातवंडांचा पहिला हट्ट सायकलीचा नसून कुत्र्याचा असतो.

2021 सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. टाळेबंदीच्या दीड वर्षात मुले घरात कोंडून पडली होती. नातू नऊ वर्षांचा, नात तीन वर्षांची. नातवाने कुत्र्याचा धोशा लावला. चिरंजीवांचे मत पडले की आणावयाचाच तर चांगला दणकट कुत्रा आणावा. सूनबाईंना मोठ्या कुत्र्याची भीती वाटे. शेवटी प्रकरण आमच्याकडे आले. राज्य शासनाच्या कोषागार खात्यात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसापुढे कोणतेही प्रकरण आले की त्याच्या मनात आपोआप नोटशीट उघडते. आम्ही दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निर्णय दिला : घर लहान, मूल लहान, सबब कुत्राही लहान असावा. मोठा कुत्रा धावता धावता मुलाला पाडील; ओंजळीएवढा कुत्रा काय करणार?

टिपण्णी सर्वांना पटली. ओंजळीएवढा कुत्रा मुलाला काय करील, एवढाच विचार आम्ही केला होता. मूल ओंजळीएवढ्या कुत्र्याला काय करील, ही प्रश्नाची दुसरी बाजू नस्तीत आलीच नाही.

घरात पॉमेरेनियन जातीचे पिल्लू आले. ‘पॉमेरेनियन’ म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे 1994 सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी उभा राहतो. परंतु टफी हा वस्तुतः इंडियन स्पिट्झ जातीचा. आपल्याकडे घरोघरी पॉमेरेनियन म्हणून नांदलेले पुष्कळसे पांढरे कुत्रे त्याच जातीचे होते. तो बराच थोराड असतो. खरा पॉमेरेनियन पुरता वाढला तरी दीड ते सव्वातीन किलोंचा. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील पोमेरेनिया या प्रांतावरून त्याला हे नाव पडले. मूळचे तिकडचे कुत्रे चांगले मोठे होते; व्हिक्टोरिया राणीला लहान चणीचे कुत्रे आवडले आणि त्यानंतर माणसाने ही जात पिढ्यान्‌पिढ्या लहान करीत आणली. मेक्सिकोकडील चिवावा तर याहूनही किरकोळ; त्याचे वजन पावणेतीन किलोंच्या आत असावे असा दंडक आहे. म्हणजे आपल्याकडे जन्मलेल्या बाळाचे जे वजन, ते या कुत्र्यांचे आयुष्यभराचे वजन.

पिल्लाचे नाव ठेवले चिमी. ती आली तेव्हा तीन महिन्यांची होती आणि स्वयंपाकघरातील तराजूवर सव्वा किलो भरली. नातीचे वजन चौदा किलो. हे त्रैराशिक आम्ही नंतर मांडले. अकरा पट वजनाच्या प्राण्याने आपल्याला प्रेमाने कवटाळणे म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर वाचकांनी सुमारे सातशे किलोंची म्हैस डोळ्यांपुढे आणावी. म्हशीच्या मनात माया आहे, यात शंका नाही. पण आपल्या बरगड्यांना त्याचा काय उपयोग?

पहिले पंधरा दिवस घरात आनंदीआनंद होता. चिमीला डॉक्टरांनी टोचून दिले होते आणि बजावलेही होते की लहान मुलांना तिला उचलू देऊ नका. मांडीवर घ्यावयाचे असेल तर मुलाला जमिनीवर बसवा. सूनबाईंनी हा नियम सर्वांना सांगितला. दुपारी त्या कामात असत, नातू अभ्यासात. तेव्हा दुपारची देखरेख आमच्याकडे होती.

त्या दुपारी आम्ही दिवाणावर वर्तमानपत्र वाचीत पडलो होतो. नात जवळ आली आणि म्हणाली, “आजोबा, चिमीला घेऊ?”

आम्ही वर्तमानपत्रातून डोळे न काढता म्हणालो, “हं.”

छत्तीस वर्षांत आम्ही न वाचलेल्या कागदावर सही केली नाही, असे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. ते ‘हं’ ही आमची न वाचता केलेली पहिली सही. क्षणभराने एक बारीक, काच तडकावी तसा आवाज आला आणि पाठोपाठ चिमीचे किंचाळणे. नात दिवाणाशेजारी उभी होती. हात अजून तसेच छातीशी धरलेले, आणि हातांत कुत्रे नव्हते. ती पडली ती उंची जेमतेम दोन फूट.

पुढील पायाची दोन्ही हाडे मोडली होती. डॉक्टरांना आश्चर्य वाटले नाही. या चिमुकल्या जातींत हा अस्थिभंग नेहमीचा, असे ते म्हणाले. हातातून निसटणे, नाही तर सोफ्यावरून उडी, ही दोनच कारणे बहुधा असतात. मनगटाजवळ हे हाड पेन्सिलीहून बारीक, आणि तेथे रक्ताचा पुरवठाही तोकडा. त्यामुळे नुसत्या प्लास्टरने ते बऱ्याचदा जुळत नाही. शस्त्रक्रिया करून बारीकशी धातूची पट्टी बसवावी लागली. खर्चाचा आकडा येथे देत नाही, आमच्या सौ. हे अंक वाचतात.

घरी काय झाले, असे सर्वांनी विचारले. आम्ही म्हणालो, “हिने उचलली आणि पडली.” वाक्य खरे होते. शासकीय अहवालांत अशी खरी वाक्ये पुष्कळ असतात. नातीला बोलणी बसली. नियम सांगूनही ऐकले नाही म्हणून सूनबाई रागावल्या. नातू तर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. ती काहीच म्हणाली नाही. तिने आमची परवानगी घेतली होती, हे सांगण्याचे सुचावे असे तिचे वय नव्हते. आमचे होते.

चिमीचा पाय जुळला, पण तिचा स्वभाव बदलला. नात खोलीत आली की ती जीभ ओठांवरून फिरवी, जांभई देई, मान वळवी. ही घाबरलेल्या कुत्र्याची भाषा, हे आम्हांला नंतर समजले. त्या वेळी ‘हिला झोप आली’ असे आम्ही म्हणत असू. मग ती गुरगुरू लागली. आता हीच मेख आहे. मोठा कुत्रा मुलाकडे पाहून गुरगुरला, तर कोणीही मुलाला ताबडतोब दूर नेईल. सव्वा किलोंचे कुत्रे गुरगुरले की घर हसते. आम्ही हसलो. चिरंजीवांनी त्या गुरगुरण्याचे चित्रणही केले. वारंवार सांगूनही कोणी ऐकेना, तेव्हा तिच्यापाशी दातांखेरीज दुसरी भाषा उरली नाही.

नात तिला पापा द्यावयास वाकली आणि चिमीने झेप घेतली. हनुवटीवर दाताचा ओरखडा उठला. रक्त आले नाही. लहान मुलांना कुत्रा चावतो तो बहुधा तोंडावर, मानेवर; कारण मुलाचे तोंड कुत्र्याच्या जवळ असते. आणि पुष्कळदा तो कुत्रा रस्त्यावरचा नसून ओळखीचा, घरचा असतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि मुलीला दवाखान्यात नेले. चिमीला टोचले असल्याने मुलीला लस नको, असा आमचा युक्तिवाद डॉक्टरांनी ऐकून घेतला नाही, हे योग्यच केले. रेबीज एकदा जडल्यावर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेथे तर्क चालवू नये. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी नातीने आमचे बोट घट्ट धरले होते.

तिसऱ्या फेरीहून परतताना रिक्षात ती म्हणाली, “आजोबा, चिमीला माझी भीती वाटते का?”

आम्ही पुष्कळ आयोगांपुढे, समित्यांपुढे उत्तरे दिली आहेत. येथे शब्द सुचेना. साडेतीन वर्षांच्या मुलीने आपण कोणाला तरी भयप्रद आहोत हे ओळखले होते, आणि ते ओझे तिच्या वाट्याला आमच्या एका ‘हं’मुळे आले होते. त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सर्वांसमोर काय घडले ते सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सूनबाई म्हणाल्या, “बाबा, हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं.” त्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. नातू उठला आणि बहिणीजवळ जाऊन बसला. आम्ही नातीला जवळ घेऊन म्हणालो, “चूक आजोबांची होती, बाळ, तुझी नव्हती.” तिला त्यातले किती समजले कोण जाणे. पण त्या रात्री ती पुष्कळ दिवसांनी आमच्याजवळ झोपली.

चिमीचे काय करावे, हा प्रश्न राहिला. वस्तू परत करावी तसा जीव परत करता येत नाही. या जातींचे आयुष्य मोठे, बारा ते सोळा वर्षांचे. म्हणजे नातीचे सारे बालपण त्या भयात जावयाचे. देवासला आमची धाकटी बहीण राहते. निवृत्त शिक्षिका, घरात एकटी. तिने आपण होऊन विचारले, “दादा, माझ्याकडे देतोस का तिला?” आमचे इंदूर ते देवास अंतर तासाभराचे. चिमीला पोचवून आलो त्या दिवशी नातवाने जेवण केले नाही.

आता मूळ प्रश्न. ओंजळीएवढे कुत्रे लहान मुलांच्या घरी असावे की नसावे? बडोद्यास आमच्या मेहुण्यांकडे दोन लहान नाती आणि एक शिह त्झू सुखाने नांदतात, हे आम्ही पाहिले आहे. पण तो कुत्रा चिमीच्या चौपट वजनाचा आहे, आणि त्या घरी नियम नुसते सांगितलेले नसून पाळलेले आहेत. मुलींनी कुत्रा उचलावयाचा नाही. जमिनीवर बसावयाचे आणि तो आला तर कुरवाळावयाचे. त्याची एक जाळीआडची जागा आहे. तो तेथे गेला की कोणी हाक मारीत नाही. तो गुरगुरला तर त्याला कोणी दटावीत नाही, मुलींना बाजूला घेतात. दिवाळीत बेदाणे घातलेला लाडू किंवा चॉकलेट मुलींनी त्याच्या तोंडात घालू नये म्हणून फराळाचे ताट उंचावर असते. ही दोन्ही कुत्र्याला विषासमान, आणि देह जितका लहान तितकी थोडी मात्राही पुरे. आणि मुली व कुत्रा एका खोलीत असतील, तर तिसरे कोणी मोठे माणूस तेथे असते. वर्तमानपत्राशिवाय.

एवढे ज्यांच्याने होईल त्यांनी आणावा. तरीही आमचे मत असे की मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत दोन-तीन किलोंच्या जाती टाळाव्यात. नियम कितीही पाळले तरी हाड पेन्सिलीएवढेच राहते, आणि तीन वर्षांच्या हातांना प्रेम करता येते, जपता येत नाही. त्यापेक्षा शांत स्वभावाचा, मध्यम बांध्याचा, मुलांत वावरलेला कुत्रा बरा. आमच्या मोतीच्या वंशजांपैकी एखादा निराश्रित सापडला तर अधिकच बरा. आणि कुत्रा कोणताही असो, आमच्या मोतीला होती तशी उठून जाण्याची वाट त्याला घरात असली पाहिजे.

आता नात सात वर्षांची आहे. गेल्या सुट्टीत आम्ही देवासला गेलो होतो. आत्याआजीच्या घरात शिरल्याबरोबर ती धावली नाही. दाराजवळ भिंतीला टेकून जमिनीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि दुसरीकडे पाहू लागली. हे तिला कोणी शिकवले, असे आम्ही बहिणीला विचारले. “कोणी नाही,” ती म्हणाली, “मागच्या खेपेपासून ती अशीच बसते.”

चिमी पलंगाखालून बाहेर आली. जरा लंगडत, कारण तो पाय किंचित आखूड राहिला आहे. तिने लांबूनच वास घेतला, मागे गेली, पुन्हा आली. अर्धा तास गेला असेल. शेवटी ती नातीच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पाय पसरून बसली. नातीने हात पुढे केला नाही. फक्त आमच्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

आम्ही हातातील वर्तमानपत्राची घडी घातली.