रांजणवाडी, अर्ज आणि लंपन

गेल्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीला आले तेव्हा जो भेटेल तो एकच विचारत होता, "मग, कुठं लागलीस काय?" त्यानंतरचा प्रश्न, "आणि डोळ्याला काय झालं?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढावं म्हटलं. मंडळाच्या अंकासाठी काही तरी दे, म्हणून मॅडम मागे लागल्याच होत्या.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. बी.कॉम. झाल्यापासून अकरा ठिकाणी अर्ज केले. पाच ठिकाणी बोलावलं. दोन ठिकाणी "अनुभव नाही" म्हणाले. एका ठिकाणी पगार इतका कमी होता, की वडगावहून उद्यमबागेला जायच्या-यायच्या खर्चात आणि डब्यात तो संपला असता. एका ठिकाणी "कळवतो" म्हणाले, ते अजून कळवतायत. पाचव्या ठिकाणची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथंच दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी उठले तर उजवा डोळा उघडेना. आरशात पाहिलं, वरच्या पापणीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी लालभडक रांजणवाडी. आईने लगेच तळहातावर बोट घासून ऊन करून ते डोळ्यावर टेकवायला सुरुवात केली. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "कुणाला तरी न देता खाल्लं असशील." आता खरं सांगायचं तर आदल्या रात्री फ्रिजमधला कुंदा मी एकटीनेच संपवला होता. पण रांजणवाडीचा आणि कुंद्याचा संबंध नसतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पापणीच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबते, जंतुसंसर्ग होतो आणि ती सुजते. औषध म्हणजे स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं शेकायचं, काजळ लावायचं नाही, आणि काही झालं तरी पिळायची नाही.

पण हे सगळं नंतर. त्या सकाळी मी तशीच गेले. टॅलीवर चार नोंदी करून दाखवल्या, जीएसटीचे दोन प्रश्न विचारले ते आले. समोरचे साहेब खूश दिसले. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "तुमच्याच रजेचा अर्ज लिहा. कन्नडमध्ये. पाच ओळी पुरे."

मी मराठी शाळेत शिकले. कन्नड विषय होता, पण आपण सगळ्यांनी तो जसा केला तसाच मीही केला. पास होण्यापुरता. बाजारात, बसमध्ये, भाजीवालीशी बोलायला माझं कन्नड चालतं. लिहायला? मी वर तारीख घातली. 'इंद' लिहिलं, 'रिगे' लिहिलं, 'मान्यरे' लिहिलं. आणि पेन थांबलं. 'रजा'ला काय म्हणतात ते तोंडावर येत होतं, हातात येत नव्हतं. दहा मिनिटं मी 'मान्यरे' या शब्दाकडे बघत बसले. डोळा दुखत होता आणि त्यातून पाणी गळायला लागलं.

साहेबांना वाटलं, मुलगी रडायला लागली. त्यांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, "नाही सर, रडत नाही. रांजणवाडी आहे." ते कन्नडभाषक. मराठी बरं बोलत होते, पण हा शब्द त्यांनी ऐकला नसावा. गंभीरपणे विचारलं, "रांजणवाडी? कुठल्या तालुक्यात येतंय ते?"

हसूही आलं आणि आता खरंच रडूही आलं. चांगला माणूस होता. म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे. पण इथं रोज पत्रं जातात. थोडं लिहायला शिका, मग परत या."

घरी येऊन हे सांगितल्यावर दोन तट पडले. काका म्हणाले, "आपली मराठी माणसं, आपलं मराठी गाव, आणि अर्ज त्यांच्या भाषेत?" काकांचं दुखणं मला कळतं. आपल्यापैकी कुणालाच ते समजावून सांगायला नको. मराठीत अर्ज लिही म्हणाले असते तर मला आनंदच झाला असता, खोटं कशाला बोलू? गोव्याला वेर्ण्यात नोकरीला लागलेली माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "सोड ते सगळं, चोर्ला घाट उतरून ये की इकडं." तेही एकदा मनात आलं. पण घरी दोन मागांपैकी एक चार महिने बंद आहे, आईचे गुडघे दुखतात, आणि मला इथंच राहायचं आहे. आणि काकांचा राग खरा असला तरी त्या दहा मिनिटांत मला राग आला नव्हता. मला लाज वाटली होती. जन्मापासून जी भाषा रोज कानावर पडते, तिच्यात मला पाच ओळी लिहिता येऊ नयेत?

डॉक्टरांनी मोबाइल कमी बघायला सांगितलं होतं. म्हणून एका डोळ्यावर फडकं ठेवून दुसऱ्याने पुस्तक वाचायचं असं चाललं होतं. सार्वजनिक वाचनालयातून (१८४८ सालची संस्था आहे, आपल्यातल्या किती जणांनी तिची पायरी चढलीय?) प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' आणलं होतं. लंपन हा आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, तोच सगळं सांगतो. 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही त्याच्याच गोष्टींची पुढची पुस्तकं. संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, आणि बालपण आपल्याच बेळगावातलं. लंपनच्या जगात कानडी शब्द, कानडी हेल अगदी घरच्यासारखे येतात. कुणी ते ओळखपत्र दाखवून आत आलेले नाहीत. वाचताना वाटलं, हे तर आमच्या गल्लीत बोलतात तसंच आहे. मग मी त्या कागदासमोर पाहुण्यासारखी का बसले?

त्याच आठवड्यात एक गंमत लक्षात आली. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. सुताच्या व्यापाऱ्यांशी, ट्रकवाल्यांशी घडाघडा कन्नड बोलतात, पण कन्नड अक्षर त्यांना एकही वाचता येत नाही. मला अक्षरं लावता येतात, पण निम्म्या शब्दांचा अर्थ कळत नाही. म्हणजे आमच्या घरात कन्नड वाचणारं एक अख्खं माणूस होतं, फक्त दोघांत वाटलं गेलेलं.

मग सुरू झालं. संध्याकाळी माग बंद झाला की बाबा चहाच्या टपरीवरून आदल्या दिवसाचं कन्नड वर्तमानपत्र आणतात. मी बोट ठेवून अक्षरं जुळवते, बाबा डोळे मिटून ऐकतात आणि अर्थ सांगतात. पहिल्या दिवशी एका बातमीच्या चार ओळींना अर्धा तास लागला. "काय वाचूलालीस, गाडी घाटात अडकल्यासारखं?" म्हणाले. पण हळूहळू ओळखीची माणसं भेटायला लागली. आपलं 'तूप' तिकडं 'तुप्प' आहे. आजीच्या पानाच्या डब्यातला 'अडकित्ता' म्हणजे 'अडके' आणि 'कत्तरी', सुपारीची कात्री! आजी ऐंशी वर्षं हातात कन्नड शब्द धरून सुपारी कातरत होती, आणि तिलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे, 'अर्ज'ला कन्नडमध्ये म्हणतात 'अर्जी'. अरबीतून फारसीमार्गे दोन्हीकडे आलेला एकच शब्द. ज्या कागदासमोर मी दहा मिनिटं घाम पुसत होते, त्याचं नाव मला आधीपासून येत होतं.

रांजणवाडी आठ दिवसांत गेली. तिच्यापेक्षा जास्त दिवस अर्जाला लागले. सात ओळींचा झालाय. बाबांना वाचून दाखवला तर एका जागी त्यांनी थांबवलं, "हे असं नको. हुकूम सोडल्यासारखं वाटतंय. नम्र लिही." तो शब्द बदलला. मग त्यांनी विचारलं, "यात माझं नाव कुठाय?" माझ्या आणि आडनावाच्या मध्ये ते होतं. मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच होय? लहान दिसतंय की."

सोमवारी तो कागद स्वतः नेऊन दिला. साहेब जागेवर नव्हते, शिपायाने ठेवून घेतला. उत्तर अजून नाही. आलं की कळवीनच, म्हणजे बैठकीत पुन्हा कुणी विचारायला नको. घरी मात्र वर्तमानपत्र सुरूच आहे, आता चार ओळींना दहा मिनिटं लागतात.

आणि हो, 'वनवास' शुक्रवारी परत करायचंय. कुणाला हवं असेल तर वाचनालयात माझ्यामागे नंबर लावा. कुंदा मात्र वाटून खाणार आहे. शास्त्र काही म्हणो, काकूंचा शब्द मोडायचा धोका आता नको.