अर्धा शब्द

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या बोटांचा भारी अपमान झाला. चिखलीला घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो. या कामात दिवसभर संगणकाच्या एका काळ्या खिडकीशी बोलावे लागते. तेथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. सगळ्या आज्ञा अक्षरांनी लिहायच्या. पण ही खिडकी दिसते तितकी उग्र नाही. अर्धा शब्द लिहून टॅबची कळ दाबली की उरलेला ती स्वतः लिहिते. माझ्याकडे बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांची दप्तरे आहेत. ‘मे’ लिहून कळ दाबली की मेहकर हजर. नुसता ‘म’ लिहिला तर मलकापूर, मेहकर, मोताळा अशी तीन गावे उभी राहतात. मग ती जरा घुटमळते, आणि पुन्हा कळ दाबताच तिन्ही नावे पुढे मांडते.

ही सोय आजची नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेनेक्स नावाची यंत्रणा होती. तीत अर्धी आज्ञा पूर्ण होई. केन ग्रीअर यांनी ती कल्पना युनिक्सच्या सी शेलमध्ये आणली. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचे बॅश आले. माझ्या खिडकीत बसलेले असते ते हेच.

त्या दिवशी मी सवयीने ‘मे’ लिहिले, कळ दाबली, आणि मेहकरऐवजी एक रागीट ओळ उमटली: अमुक नावाला किंमत दिलेली नाही! चिखली म्हणा, लोणार म्हणा, तेच उत्तर. आदल्या रात्री मी एक लहानसे पॅकेज बसवले होते. त्याचा या कळीशी संबंध काय? पण अशी पॅकेजे आपापली एकेक फाईल एका सामाईक जागी ठेवून जातात, आणि खिडकी उघडताना त्या साऱ्या एकाच घरात वाचल्या जातात. मी निम्म्या फायली बाजूला काढल्या, नवी खिडकी उघडली. मग उरलेल्यांतल्या निम्म्या. अखेर चोर सापडला. त्या नव्या फाईलमध्ये एकच कडक नियम होता: ज्या नावाला किंमत दिलेली नाही, ते वापरणे म्हणजे चूक. एरवी बॅश अशा नावाला रिकामे समजते आणि मुकाट्याने पुढे जाते. शब्द पुरे करणाऱ्या सगळ्या यंत्रणेचा संसार याच समजूतदारपणावर चाललेला! नियम तसा वाईट नव्हता. कित्येक जाणते लोक आपल्या लिखाणात तो मुद्दाम घालतात. फक्त आपल्यापुरता ठेवायचा तो याने घरभर लावला होता.

मी ती ओळ खोडली. मेहकर परत आले. आणि मला एकदम ओशाळल्यासारखे झाले.

कारण चारच दिवसांपूर्वी मी घरात हाच नियम लावला होता. आई हल्ली नावे विसरते. “अरे, ते त्याच्यात ठेव,” एवढेच म्हणते. तसे हे नवे नाही. आमच्या घरात निम्मे बोलणे जन्मभर असेच झाले. बाबा होते तेव्हा ती “अहो, ते” म्हणे आणि ते उठून अडकित्ता आणून देत. पण आता मला भीती वाटू लागली होती. सवय लावली तर आठवण टिकेल, असे मनाशी धरून मी तिला बजावले, “आई, ‘ते’ नको. वस्तूचं नाव घे.”

“बाप्पा! आता नाव आठवलं तरच बोलू का मी?” ती म्हणाली होती, आणि खरोखरच बोलेनाशी झाली. घर शांत झाले. मला वाटले, बरे चालले आहे!

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. चकलीचे पीठ मळून ती हात पुसत उभी होती. फळीकडे पाहत होती. मला पाहताच तिने नजर काढून घेतली.

“काय देऊ, आई?”

“काही नाही,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, चाचरत, “ते... फिरवायचं.”

मी सोऱ्या काढून तिच्या हातात दिला.

“हेच तर म्हणत होती मी,” ती हसून म्हणाली.

पहिला घाणा तेलात पडला. सोऱ्याचे नाव तिला आठवले होते की नाही, ते मी विचारले नाही.